काय ठेवायचे?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात एकच प्रश्न सकाळ-संध्याकाळ विचारला जातो. तो म्हणजे, "हे ठेवायचं की टाकायचं?" प्रश्न विचारण्याचा हक्क सौ.चा आणि उत्तर देण्याचा माझा, अशी वाटणी आहे. उत्तर कोणतेही दिले तरी वस्तू जायची ती जातेच; पण विचारले जाते, हेही काही थोडे नाही. या सदराच्या जुन्या वाचकांना आमच्या डोंबिवलीच्या घरातला पोटमाळा आता पाठ झाला असेल. त्या माळ्यावरून आजवर किती बंब, किती छत्र्या आणि मासिकांचे किती गठ्ठे खाली आले, ते पुन्हा सांगत बसत नाही.

२०२५ च्या दिवाळीत हा प्रश्न मला प्रथमच कॉम्प्युटरने विचारला. तिथे उत्तराचा हक्क खरोखरच माझा होता, आणि मी ते उत्तर चुकवले.

त्याचे असे झाले. आमच्या घरी २०१९ साली घेतलेला एक कॉम्प्युटर आहे. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, ती आपला लॅपटॉप घेऊन गेली, आणि टेबलावरचा हा पेटीवजा प्राणी माझ्या वाट्याला आला. मी बँकेत नोकरीला आहे. दिवसभर समोर कॉम्प्युटरच असतो. पण म्हणून मला कॉम्प्युटर कळतो असे कोणी समजू नये. एस.टी.ने रोज प्रवास करणाऱ्याला एंजिन कुठे कळते? घरी मी त्याच्यावर विजेचे बिल भरतो, सोसायटीच्या सभेचा वृत्तांत लिहितो, रात्री नाट्यगीते ऐकतो आणि महिन्याकाठी हे सदर लिहितो. आमचा संबंध एवढ्यापुरताच. अशा या कॉम्प्युटरने गणपतीच्या सुमारास एक दिवस मला सूचना दिली, की विंडोज दहाची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त होत आहे.

विंडोज म्हणजे काय हे घरोघरच्या मुलांना ठाऊक असते, वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. कॉम्प्युटर हा वाडा धरला, तर विंडोज हा त्या वाड्याचा कारभारी. किल्ल्या त्याच्या कमरेला, कोठीतले कुठले भांडे कुठल्या फळीवर आहे ते त्यालाच माहीत, आणि बाहेरचा माणूस ओसरीवर यायचा तोही त्याच्या परवानगीने. मालक आपण; पण त्याला हाक मारल्याशिवाय तांब्याभर पाणी मिळायचे नाही. विंडोज दहा हा कारभारी २०१५ च्या जुलैत रुजू झाला. त्याच्या जागी विंडोज अकरा २०२१ च्या ऑक्टोबरातच येऊन उभा होता. मी मात्र माझ्या स्वभावाला अनुसरून चार वर्षे त्याला "बघू" म्हणत होतो.

सौ.ने सूचना वाचली. "समाप्त म्हणजे? त्या दिवशी चालायचा थांबणार का?"

"थांबणार नाही. त्याची डागडुजी थांबणार."

"मग बिघडलं कुठं? आपल्या मिक्सरची हमी संपून अकरा वर्षं झाली. चटणी होतेय ना?"

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. तोच मी पुतण्याला फोनवर ऐकवला. पुतण्या पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचेच काम करतो. तो म्हणाला, "काका, मिक्सरमध्ये शिरून कुणी तुमचं पासबुक वाचत नाही." मग त्याने समजावून सांगितले, की चोर रोज नवी फट शोधून काढतात आणि ती बुजवणारी दुरुस्ती महिन्याच्या महिन्याला घरपोच येते. चौदा तारखेनंतर ती येणे बंद. तेव्हा फट राहणार आणि चोरही राहणार. एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मुदतवाढ मिळण्याची सोय होती. मुदतवाढ हा शब्द बँकेतल्या माणसाच्या कानाला फार गोड लागतो. मी तीच घ्यावी म्हणत होतो, पण पुतण्या म्हणाला, "पुढच्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाल." मुले मोठी झाली की माणसे ओळखायला लागतात.

आता नवा कारभारी ठेवायचा, तर त्याच्या अटी असतात. आमच्या कॉम्प्युटरची तपासणी झाली आणि पडद्यावर उत्तर आले, की हा कॉम्प्युटर विंडोज अकराला पात्र नाही. कारण, टी.पी.एम. नाही. हे टी.पी.एम. म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल. वाड्याच्या किल्ल्या ठेवायची भिंतीतली तिजोरी म्हणा. ती असल्याखेरीज अकरावा कारभारी उंबऱ्यात पाऊल टाकत नाही. मी सौ.ला म्हटले, "नवा घ्यावा लागणार. पन्नासेक हजार." सौ.ने मिक्सरकडे पाहिले.

पुतण्याने मात्र मशीन कोणत्या सालचे आहे ते विचारले आणि म्हणाला, "तिजोरी आहे हो काका. कुणी उघडलेली नाही एवढंच." मग त्याने फोनवरून मला कॉम्प्युटरच्या तळघरात उतरवले. सुरू होता होता डिलीट नावाची कळ टकटक दाबत राहायची, म्हणजे एक निराळाच पडदा येतो. त्याला बायॉस म्हणतात. तिथे तऱ्हेतऱ्हेच्या याद्या असतात. एरवी मी वीज मंडळाच्या माणसाशिवाय मीटरच्या पेटीलाही हात लावीत नाही; इथे प्रत्येक बाण दाबताना कपाळावर घाम येत होता. शेवटी एका कोपऱ्यात पी.टी.टी. अशी तीन अक्षरे सापडली. त्यांच्यासमोर 'बंद' असे होते, ते 'चालू' केले. झाले! सहा वर्षे आमच्या भिंतीत तिजोरी होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. त्या दिवशी मी सौ.पुढे जरा छाती काढूनच चाललो.

ती छातीच पुढे नडली.

११ ऑक्टोबर. दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. घरात साफसफाईची धुमाळी. पंखे पुसून झाले होते, माळ्यावरचे सामान बैठकीत आले होते आणि बैठकीतली माणसे गॅलरीत गेली होती. मी कॉम्प्युटरच्या खोलीचे दार लोटून घेतले. पुतण्या गणपतीत आला होता तेव्हा त्याने विंडोज अकरा एका पेनड्राइव्हवर देऊन ठेवले होते आणि बजावले होते, "काका, मध्ये एकदा विचारेल. काय ठेवायचं म्हणून. पहिला पर्याय घ्या. बाकी काही करू नका."

पंधरा-वीस मिनिटांनी तो प्रश्न आला. काय ठेवायचे? पर्याय तीन. एक, तुमच्या फायली आणि सॉफ्टवेअर, सगळे. दोन, फक्त तुमच्या फायली. तीन, काही नाही.

वाचकहो, माणसाच्या हातून चूक होते ती अज्ञानाने होते असे म्हणतात. माझ्या हातून ती उत्साहाने झाली. बाहेर सौ. रद्दीवाल्याशी घासाघीस करीत होती. "जुनं ठेवून करायचंय काय?" हे वाक्य दाराच्या फटीतून माझ्या कानावर पडत होते. मी मनात म्हटले, फायली महत्त्वाच्या. त्या राहणारच आहेत. बाकी सहा वर्षांचा कचरा कशाला नव्या कारभाऱ्याच्या गळ्यात मारा? येतोय बिचारा ऐन दिवाळीत, घर स्वच्छ मिळू दे. आणि मी दुसरा पर्याय दाबला.

पुढचे अडीच तास वर्णन करण्यासारखे नाहीत. टक्के वाढत होते. कॉम्प्युटर तीनदा विझला आणि तीनदा उजळला. प्रत्येक वेळी मी खुर्चीच्या कडेवर येत होतो आणि प्रत्येक वेळी सौ. विचारीत होती, "गेला का?" दुपारच्या चहाला विंडोज अकरा हजर झाला. सुरुवातीचे बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मधोमध जाऊन बसले होते. दोन दिवस माझा हात डावीकडेच जात राहिला. पत्रे-लेख लिहायचे सॉफ्टवेअर दुसऱ्या पर्यायाच्या पायी गेलेच होते. पुतण्या चिडला, पण त्याने लिबरऑफिस नावाचे फुकटचे सॉफ्टवेअर फोनवरून बसवून दिले. माझे सगळे लेख उघडले. सभांचे वृत्तांत उघडले. "बघ, काही गेलं नाही," मी सौ.ला म्हणालो.

१६ तारखेला, गुरुवारी रात्री, इंदूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, भाजणी सांग."

हा फोन दरवर्षी येतो. आमच्या आईची एक फाइल आहे. आई एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखिका होती. राजभाषेचा कायदा १९६४ साली झाला, कचेऱ्यांतून मराठी यंत्रे येऊ लागली, आणि आई १९६६ साली नोकरीला लागली. छत्तीस वर्षे तिने शासनाची परिपत्रके बडवली. २००२ साली निवृत्त झाल्यावर तिचे हात स्वस्थ बसेनात. जेवताना ती ताटाच्या कडेवर बोटे चालवायची. पुढच्या वर्षी मी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा दुकानदाराने त्यात टंकलेखन यंत्राच्याच कळफलकाचा एक मराठी फॉन्ट घालून दिला. म्हणजे यंत्रावर 'भ' जिथे, तिथेच इथे 'भ'. आई बसली ती एका दमात पान उतरवूनच उठली. कळफलक न बघता. मग बारा वर्षे, अगदी २०१५ साली जाईपर्यंत, ती दुपारची तासभर लिहीत असे. पाककृती, वाणसामानाचे भाव, कोणाच्या लग्नात काय आहेर केला, कुठली लस कुणाला कधी टोचली. 'घरातले' असे त्या फायलीचे नाव. कॉम्प्युटर तीन झाले, पण फाइल आणि तो फॉन्ट दुकानातली पोरे प्रत्येक वेळी जुन्यातून नव्यात घालून देत गेली. मला त्यात काही करावे लागले नाही. म्हणूनच त्यात काही करावे लागते, हे मला कळले नाही.

मी फोन कानाला लावून फाइल उघडली.

पडद्यावर आई नव्हती. इंग्रजी अक्षरे होती. लहान, मोठी, मध्येच कंस, मध्येच डॉलर, टक्क्याची खूण, उलटी अवतरणे. ओळीच्या ओळी, पाने च्या पाने, एकेचाळीस. एखाद्याने डोळे मिटून कळा आपटल्यासारख्या.

"दादा?"

"थांब हं. उघडतेय."

मी दुसऱ्यांदा उघडली. पेनड्राइव्हवर प्रत होती, ती उघडली. ईमेलमध्ये एक प्रत होती, ती उघडली. तिन्ही ठिकाणी तेच. शेवटी मी बहिणीला म्हटले, "तुलाही एक पाठवली होती ना मी?"

"ती माझ्याकडे कधीच दिसली नाही रे. नुसतं एबीसीडी. म्हणून तर फोन करते दरवर्षी."

दहा वर्षांत हे मला आज कळत होते. मी तिला उद्या सांगतो म्हटले. फोन ठेवताना ती म्हणाली, "भाजणीचं काय, मी अंदाजानं करीन. फाइल आहे ना रे?" मी "आहे" म्हटले. खोटे नव्हते ते. फाइलचा एक काना हललेला नव्हता. फक्त ती वाचता येत नव्हती.

पुतण्याला विचारले. त्याने फाइल मागवली, पाहिली आणि "करप्ट झाली असेल" असा निकाल दिला. त्याच्या पिढीला मराठी अक्षर कॉम्प्युटरवर उमटते हे पाऊस पडण्याइतके स्वाभाविक आहे. ते कधी उमटत नव्हते, हे त्याला माहीत नाही. सौ. काही बोलली नाही. तिची भाजणी तिच्या माहेरची आहे, त्यात पोहे असतात, आणि त्यावरून आईचे नि तिचे पंचवीस वर्षे गोड भांडण होते. पण त्या रात्री ती दोनदा उठून कॉम्प्युटरच्या खोलीत डोकावून गेली.

शुक्रवारी, वसुबारसेला, बँकेतून सुटल्यावर मी स्टेशनजवळच्या डी.टी.पी.च्या दुकानात गेलो. लग्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची स्मरणिका, वास्तुशांतीची निमंत्रणे असे छापायचे काम तिथे वर्षानुवर्षे चालते. मालक साठीचे, चष्मा कपाळावर. तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका टेबलावर पसरलेल्या. मी माझ्या फायलीचे एक पान छापून नेले होते. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि वाचू लागले. अहो, वाचू लागले!

"हं. 'चार वाट्या'... की 'चार वाटा'? पुढचं लागत नाही. आमच्या फॉन्टपेक्षा थोडा वेगळा दिसतोय. फाइल शाबूत आहे साहेब. तुमचे ठसे हरवलेत."

मग त्यांनी मला जे सांगितले ते मी माझ्या समजुतीप्रमाणे देतो. कॉम्प्युटर अक्षर साठवीत नाही, आकडा साठवतो. इंग्रजीतल्या धाकट्या 'के'ला १०७. आता आपल्याकडे मराठीला स्वतःचे आकडे नव्हते तेव्हा फॉन्टवाल्यांनी युक्ती केली. आकडा १०७ चाच ठेवायचा. फक्त 'के'च्या चित्राच्या जागी कान्याचे चित्र बसवायचे. कचेऱ्यांतून खूप चाललेला तो कृतीदेव, त्यात 'भारत' असे लिहिले तर फायलीत प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही अक्षरे असतात. 'एच' म्हणजे अर्धा 'भ', पहिला 'के' त्याचा दांडा, दुसरा 'के' काना, 'जे' म्हणजे 'र' आणि 'आर' म्हणजे 'त'. फॉन्ट असला की भारत. फॉन्ट काढला की एच, के, के, जे, आर. आणि गंमत अशी, की दर फॉन्टवाल्याने आपापली जुळणी केली. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा अनुस्वार. दोन गावची मंडळी एकमेकांची पत्रे वाचू शकत नाहीत, अशी स्थिती.

"मग माझे लेख कसे उघडले?" मी विचारले.

"ते युनिकोडमध्ये असणार. तिथं 'क'ला स्वतःचा आकडा आहे. २३२५. जगात कुठंही जा, २३२५ म्हणजे 'क'."

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, तीत देवनागरी होती. पण घरच्या कॉम्प्युटरपर्यंत ती यायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये ती प्रथम नीट दिसू लागली. तिच्यासाठी 'मंगल' नावाचा जो फॉन्ट झाला, तो काढला सुलेखनकार र. कृ. जोशींनी. आयुष्यभर मुंबईत अक्षरांचीच उपासना केलेला माणूस. म्हणजे २००३ साली दुकानदाराने आईच्या कॉम्प्युटरात जुन्या तऱ्हेचा फॉन्ट घातला, तेव्हा नवी तऱ्हा येऊन पोहोचली होती. पण आईची बोटे टंकयंत्राची, आणि दुकानदाराची सवय जुनी. मी त्याला दोष देत नाही. मला तरी कुठे ठाऊक होते?

"फॉन्टचं नाव काय?"

नाव मला पाठ झाले होते. लिबरऑफिसच्या चौकटीत ते रात्रभर तिरक्या अक्षरांत दिसत होते. मालकांनी मान हलवली. ते दुकान केव्हाच मिटले आहे, म्हणाले. तो फॉन्ट त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी दोघाचौघांना फोन लावले, त्यांच्याजवळही नव्हता. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी विचारले, "नवं विंडोज कधी टाकलंत?"

"गेल्या शनिवारी."

"वरून टाकलंत की सगळं पुसून?"

"फक्त फायली ठेवल्या."

त्यांनी बोटांवर मोजले. अकरा, बारा, तेरा... "मग घरी जा आणि मशीनला हात लावू नका. नवं विंडोज आलं की जुनं सगळं एका खोलीत लोटून ठेवतं. विंडोज डॉट ओल्ड. दहा दिवस. माणसाला पस्तावा झाला तर परत फिरता यावं म्हणून. दहा दिवसांनी आपण होऊन साफ."

माझे पाय गळले. त्याचे कारण असे. त्याच सकाळी पडद्यावर मी एक यादी पाहिली होती, जागा अडवणाऱ्या गोष्टींची. तिच्यात 'विंडोजची मागील स्थापना' असे काहीतरी होते, वीसपेक्षा जास्त जी.बी. आणि पुढे टाकून देण्याची सोय. मी खूण केली होती. बटण दाबणार, इतक्यात सौ.ने आकाशकंदील लावायला हाक मारली, आणि वायर तोकडी पडली म्हणून तासभर त्यातच गेला. एरवी त्या कंदिलावरून मी किती कुरकुर करतो हे वाचक जाणतात.

मालक लगेच येऊ शकत नव्हते. पत्रिका अडल्या होत्या. ते शनिवारी, धनत्रयोदशीला, रात्री नऊला आले. त्या एक दिवसात मी कॉम्प्युटर सुरूसुद्धा केला नाही. सौ.ने खोलीत केरसुणीदेखील फिरवू दिली नाही. उगाच काही साफ व्हायला नको!

मालक खुर्चीत बसले. चष्मा खाली. जुन्या विंडोजच्या खोलीत शिरले, तिच्या आतल्या विंडोजमध्ये, त्याच्या आतल्या फॉन्ट्सच्या कपाटात. कॉम्प्युटरने परवानगी विचारली, त्यांनी दिली. शेकडो नावे ओळीने खाली सरकू लागली. आम्ही दोघे त्यांच्या मागे उभे. सौ.च्या हातात त्यांच्यासाठी आणलेला चहा तसाच.

"हे घ्या," मालक म्हणाले.

शंभर के.बी.सुद्धा नव्हता तो. माझ्या मोबाइलमधला एखादा शुभ सकाळचा फुलांचा फोटो त्याच्याहून मोठा भरतो. मालकांनी तो आधी आपल्या पेनड्राइव्हवर घेतला, मग माझ्या, मग कॉम्प्युटरात बसवला, आणि 'घरातले' उघडले. काही घडल्याचे दिसले नाही. म्हणजे डॉलर नव्हते, कंस नव्हते. नेहमीसारखे पहिले पान होते, आणि वर मधोमध, परिपत्रकाला असावा तसा ठळक मथळा: चकलीची भाजणी.

चहा गार झाला होता. सौ. दुसरा करायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

"आता याची पीडीएफ करून ठेवा," मालक म्हणाले. "तिच्यात ठसे आतच बसतात. हे दहा वर्षांपूर्वी का नाही केलंत?" मी गप्प राहिलो. मग म्हणाले, "आणि युनिकोडमध्ये उतरवून घ्या. मी देतो करून. पण नजरेखालून घाला. यंत्र वेलांटीत चुकतं."

ते खरे निघाले. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते; रफाराचेही तसेच उलटसुलट. जोडाक्षर आले की यंत्र गोंधळायचे, आणि कधी कधी न आले तरी. 'मिरची'ची 'मरिची' झाली. दोन चमचे मरिची, म्हणजे सप्तर्षींपैकी एक आमच्या चकलीत. 'अर्धा'चा 'अधार्' झाला. रविवारी दिवसभर आणि नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर मी एका बाजूला मूळ फाइल आणि एका बाजूला नवी, असा वेलांट्या पुसत बसलो.

आता एक कबुली देतो. ती एकेचाळीस पाने मी त्यापूर्वी कधी वाचली नव्हती. पहिले पान उघडायचे, भाजणी फोनवर सांगायची, फाइल मिटायची. दहा वर्षे हेच. चूक शोधायला म्हणून वाचायला बसलो आणि वाचतच गेलो. २००६ सालचा गॅसच्या सिलिंडरचा भाव. सौ.च्या डोहाळजेवणाची यादी. तिला कैरी कुठून आणून दिली त्याच्या नोंदीसह. २६ जुलै २००५ च्या पावसात मी रात्रभर घरी आलो नाही, त्या रात्रीचे दोनच शब्द: 'पाणी. जागरण.' आणि सतराव्या पानावर, सौ.च्या भाजणीची कृती, पोह्यांसकट. खाली शेरा: 'ही जास्त खुसखुशीत होते. तिला सांगितलेले नाही.'

ते पान मी सौ.ला बोलावून दाखवले. तिने ते दोनदा वाचले. "बघा," एवढेच म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात गेली.

माझ्याविषयी सबंध फायलीत फार नाही. चकलीच्या कृतीखालीच एक ओळ आहे, जी फोनवर सांगताना मी दरवर्षी कृती संपली म्हणून वगळली असणार: 'मोडक्या वेगळ्या डब्यात ठेवाव्या. दादाला मोडकी आवडते, कारण मोडकी आधी मिळते.'

सोमवारी संध्याकाळी मी युनिकोडमधली शुद्ध प्रत इंदूरला बहिणीच्या मोबाइलवर पाठवली. पाच मिनिटांत तिचा फोन.

"आली रे! सगळं दिसतंय. आईचं मराठीच दिसतंय!"

"भाजणी पहिल्याच पानावर आहे. आता दरवर्षी फोन करायची कटकट नको."

ती जरा थांबली. "दळून तर कालच आणली मी, अंदाजानं. पण तू वाच."

"अगं, तुझ्या हातात आहे ना ती?"

"असू दे. तू वाच."

मी चष्मा लावला. "चार वाट्या तांदूळ," मी म्हणालो. "दोन वाट्या हरभऱ्याची डाळ. एक वाटी उडदाची..."

"हळू," ती म्हणाली. "लिहून घेतेय."